११८ मूलद्रव्यं पाठ करू नकोस

तू तीन गोष्टी विचारल्या आहेस. आवर्तसारणीतली सगळी ११८ मूलद्रव्यं पाठ करावीच लागतात का? तिसऱ्या कवचात (केंद्रकाभोवतीच्या इलेक्ट्रॉनांच्या तिसऱ्या थरात) १८ इलेक्ट्रॉन मावतात असं पुस्तक सांगतं, मग तिसऱ्या आवर्तात, म्हणजे सारणीच्या तिसऱ्या आडव्या ओळीत, आठच मूलद्रव्यं का? आणि डावीकडून उजवीकडे जाताना इलेक्ट्रॉन वाढत जातात, तरी अणू लहान कसा होतो? पहिला प्रश्न माझ्या वर्गात सगळेच विचारतात. दुसरा आणि तिसरा फार थोडी मुलं विचारतात, बाकीची उत्तर घोकून मोकळी होतात. खरं तर या दोन प्रश्नांची उत्तरं नीट कळली की पहिल्याचं उत्तर आपोआप 'नाही' असं येतं.

तरी आधी पहिलाच प्रश्न घेते. परीक्षा तोंडावर असेल तर तेवढं आजच उपयोगी पडेल.

पाठ करायची ती पहिली वीस मूलद्रव्यं, हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंत, क्रमाने. त्यांचं इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन ते, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. त्यानंतर सहा आकडे: २, १०, १८, ३६, ५४, ८६. हे हेलियम, निऑन, अरगॉन, क्रिप्टॉन, झेनॉन आणि रेडॉन या राजवायूंचे अणुअंक, म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या. पहिली सहा आवर्तं या आकड्यांवर संपतात. कोणताही अणुअंक समोर आला की तो कोणत्या दोन राजवायूंच्या मध्ये पडतो ते बघायचं, म्हणजे आवर्त कळतं. मग जवळच्या राजवायूपासून तो किती घरं मागे किंवा पुढे आहे ते मोजायचं, म्हणजे गण, म्हणजे उभा स्तंभ, कळतो.

३४ घे. १८ च्या पुढे आणि ३६ च्या मागे, म्हणून चौथं आवर्त. ३६ पासून दोन घरं मागे, म्हणून गण १८ वजा २, म्हणजे १६. या गणात वर कोण बसलंय? ऑक्सिजन आणि गंधक. तेव्हा ३४ क्रमांकाच्या मूलद्रव्याच्या बाहेरच्या कवचात सहा इलेक्ट्रॉन असणार, हायड्रोजनशी त्याची संयुजा, म्हणजे बंध जोडायची क्षमता, २ असणार, आणि हायड्रोजनचे दोन अणू घेऊन ते जे संयुग बनवेल ते हायड्रोजन सल्फाइडसारखंच विषारी आणि घाण वासाचं असणार. हे सगळं खरं आहे. मूलद्रव्याचं नाव सेलेनियम, पण बघ, नाव आठवायच्या आधीच निम्म्याहून जास्त उत्तर लिहून झालं. ५६ म्हणजे ५४ च्या पुढे दोन घरं, सहावं आवर्त, गण २, मॅग्नेशियम-कॅल्शियमच्या खाली: बेरियम. ८२ म्हणजे ८६ च्या चार घरं मागे, गण १४, कार्बनच्याच स्तंभात खाली: शिसं.

मधल्या पट्ट्यातल्या धातूंनाही हीच युक्ती चालते. चौथ्या आणि पाचव्या आवर्तात मागच्या राजवायूचा अणुअंक वजा केला की थेट गण मिळतो. २६ वजा १८ म्हणजे ८, लोखंड गण ८ मध्ये. सहाव्या आवर्तात मधे चौदा मूलद्रव्यं जादा घुसतात, म्हणून तिथे उजवीकडून मोजणं सोयीचं. ७९ हे ८६ च्या सात घरं मागे, म्हणून गण ११, तांबं आणि चांदीच्या खाली: सोनं.

खरोखर घोकावंच लागेल असं एकच: संज्ञा. सोडियम, पोटॅशियम, लोखंड, तांबं, चांदी, सोनं, पारा, शिसं, कथील, अँटिमनी आणि टंगस्टन या अकरांच्या संज्ञा त्यांच्या इंग्रजी नावांशी जुळत नाहीत, कारण त्या नॅट्रियम, कॅलियम, फेरम अशा जुन्या नावांवरून आल्या आहेत. तिथे तर्क चालत नाही. क्रम लक्षात ठेवायला मुलं गमतीदार वाक्यं बनवतात, त्यालाही माझी हरकत नाही. पण वाक्य आठवतं आणि सोडियम कोणाच्या खाली बसतो ते आठवत नाही, असं झालं तर त्या वाक्याचा उपयोग शून्य.

आता हा अणुअंक एवढा महत्त्वाचा का, ते. रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीवने १८६९ मध्ये सारणी मांडली तेव्हा त्याला ६३ मूलद्रव्यं माहीत होती आणि अणुअंक ही कल्पनाच नव्हती. प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, केंद्रक, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. त्याच्या हातात होती ती अणुवस्तुमानं आणि ते मूलद्रव्य कोणती संयुगं बनवतं याची माहिती. डोबेरायनरने १८२९ मध्ये लिथियम, सोडियम, पोटॅशियम अशी त्रिकं दाखवली होती (७ आणि ३९ या पहिल्या-तिसऱ्याच्या अणुवस्तुमानांची सरासरी २३, मधल्याचं अणुवस्तुमान, हे त्यातलं सर्वांत सुबक उदाहरण). न्यूलँड्सची अष्टकं (दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं वागतं, हा नियम) १८६५ ची. दोघांनाही नियमाचा वास लागला होता, पण कॅल्शियमच्या पुढे न्यूलँड्सची गाडी अडली. का अडली ते तुझ्या दुसऱ्या प्रश्नात आहे, तिथे येतेच.

मेंडेलीवबद्दल मुलं उत्तरात लिहितात, "त्याने रिकाम्या जागा सोडल्या." बरोबर, पण रिकामी जागा कुणीही सोडू शकतो. त्याने त्या जागेत बसणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्म आकड्यांसह आधीच लिहून ठेवले. ॲल्युमिनिअमच्या खालच्या रिकाम्या घराचं नाव त्याने ठेवलं 'एका-ॲल्युमिनिअम' आणि त्याचं अणुवस्तुमान ६८ च्या आसपास, घनता घन सेंटिमीटरला सुमारे ५.९ ग्रॅम असेल असं सांगितलं. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये बॉइसबॉड्रानला गॅलियम सापडलं. त्याने मोजलेली घनता होती ४.७. मेंडेलीवने कळवलं की नमुना पुरेसा शुद्ध नसावा, घनता ५.९ यायला हवी. ज्याने तो धातू डोळ्यांनी पाहिला त्याला, न पाहिलेला माणूस हे सांगतोय! बॉइसबॉड्रानने नमुना पुन्हा शुद्ध केला, पुन्हा मोजलं, आणि उत्तर ५.९ आलं. पुढे १८७९ मध्ये स्कँडियम आणि १८८६ मध्ये जर्मेनियम सापडलं, तीही त्याने राखून ठेवलेल्या घरांत जाऊन बसली. सारणी ही नुसती यादी नाही, तिच्यावरून भाकीत करता येतं, हे जगाला पटलं ते असं.

पण वस्तुमानाच्या क्रमात एक खोच होती. टेल्युरियमचं अणुवस्तुमान १२७.६ आणि आयोडीनचं १२६.९. वजनाप्रमाणे लावायचं तर आयोडीन आधी यायला हवं. तसं केलं तर आयोडीन ऑक्सिजन-गंधकाच्या खाली जातं आणि टेल्युरियम क्लोरीन-ब्रोमीनच्या खाली, जे रसायनशास्त्राच्या दृष्टीने धडधडीत चूक आहे. मेंडेलीवने गुणधर्मांवर विश्वास ठेवला आणि टेल्युरियम आधी ठेवलं. त्याला वाटलं, टेल्युरियमचं वजन मोजण्यात काही घोळ झाला असावा. जागा त्याची बरोबर होती, कारण मात्र चुकलं. वजन ठीकच होतं, क्रम लावायची कसोटीच वेगळी होती.

ती कसोटी इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ मोज्लेने १९१३ मध्ये दिली. निरनिराळ्या मूलद्रव्यांवर इलेक्ट्रॉनांचा मारा करून बाहेर पडणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारता त्याने मोजली. वारंवारतेचं वर्गमूळ काढलं तर एका मूलद्रव्याकडून दुसऱ्याकडे जाताना ते समान पायऱ्यांनी वाढत होतं. म्हणजे प्रत्येक मूलद्रव्याला एक पूर्णांक चिकटलेला होता, आणि तो होता केंद्रकातला धनप्रभार. तोवर अणुअंक हा नुसता रांगेतला नंबर होता, आता तो प्रयोगशाळेत मोजता येऊ लागला. टेल्युरियम ५२, आयोडीन ५३. कोबाल्टचं वस्तुमान निकेलपेक्षा किंचित जास्त, तरी कोबाल्ट २७ आणि निकेल २८. अरगॉन पोटॅशियमपेक्षा जड, तरी अरगॉन १८ आणि पोटॅशियम १९. तिन्ही गाठी एकदम सुटल्या. दोन वर्षांनी पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत मोज्ले मारला गेला, वय २७.

वजनाचा क्रम असा अधूनमधून का उलटतो, हेही सांगून टाकते. मूलद्रव्याची ओळख फक्त प्रोटॉनांच्या संख्येने ठरते. न्यूट्रॉन कमी-जास्त असू शकतात, त्यांना आपण समस्थानिक म्हणतो, आणि सारणीत छापलेलं वस्तुमान ही निसर्गात सापडणाऱ्या समस्थानिकांची सरासरी असते. क्लोरीनचे साधारण तीन चतुर्थांश अणू ३५ वस्तुमानाचे आणि एक चतुर्थांश ३७ चे, म्हणून सरासरी ३५.५. क्लोरीनचा एकही अणू ३५.५ वस्तुमानाचा नसतो. तसंच अरगॉनच्या साठ्यात बहुतेक अणू ४० चे आणि पोटॅशियमच्या साठ्यात बहुतेक ३९ चे, एवढंच.

आता तुझा दुसरा प्रश्न.

कवचाची कमाल क्षमता काढायचं सूत्र तू शिकली आहेस: कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करून दोनाने गुणायचं. २, ८, १८, ३२. सूत्र बरोबर आहे. गडबड होते ती 'एक कवच पूर्ण भरलं की मगच पुढचं सुरू होतं' असं आपण मनाशी धरून चालतो तिथे. पुस्तकात कुठेही तसं लिहिलेलं नसतं, पण पहिली दोन कवचं तशी वागतात आणि सवय लागते.

प्रत्येक कवचात उपकवचं असतात. एस उपकवचात २ इलेक्ट्रॉन मावतात, पी मध्ये ६, डी मध्ये १०, एफ मध्ये १४. तिसऱ्या कवचाला एस, पी आणि डी अशी तीन उपकवचं, म्हणून २ अधिक ६ अधिक १०, एकूण १८. अरगॉनपर्यंत त्यातली एस आणि पी भरतात, म्हणजे आठ झाले. पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन आला की त्याच्यापुढे दोन पर्याय असतात: तिसऱ्या कवचाचं डी किंवा चौथ्या कवचाचं एस. इलेक्ट्रॉन जिथे ऊर्जा कमी तिथे जातो. चौथ्या कवचाच्या एस मधला इलेक्ट्रॉन सरासरीने लांब असला, तरी काही प्रमाणात आतल्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून पार केंद्रकाजवळ पोचतो आणि तिथे त्याला जोरदार ओढ बसते. तिसऱ्या कवचाच्या डी मधल्या इलेक्ट्रॉनला हे फारसं जमत नाही. त्यामुळे पोटॅशियमपाशी चौथ्याचं एस स्वस्त पडतं आणि इलेक्ट्रॉन तिथे जातो. संरूपण २, ८, ८, १.

हे खरं कशावरून? पोटॅशियमचं वागणं बघ. तो हुबेहूब सोडियमसारखा मऊ धातू आहे, पाण्याशी भडकून अभिक्रिया करतो, आणि एकच इलेक्ट्रॉन देतो. पहिला इलेक्ट्रॉन काढायला एका मोलमागे ४१९ किलोजूल ऊर्जा लागते, दुसरा काढायला ३०५२. पहिला इलेक्ट्रॉन बाहेर एकटा होता आणि दुसरा आतल्या कवचातला आहे, हे या दोन आकड्यांतून स्वच्छ दिसतं. एकोणिसावा इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात गेला असता तर एवढी मोठी उडी दिसलीच नसती.

कॅल्शियमला चौथ्याचं एस भरतं: २, ८, ८, २. आणि मग स्कँडियमपासून इलेक्ट्रॉन मागे वळतात आणि तिसऱ्या कवचाचं राहिलेलं डी भरू लागतात. स्कँडियम २, ८, ९, २. लोखंड २, ८, १४, २. तिसऱ्या कवचात प्रत्यक्ष १८ इलेक्ट्रॉन पहिल्यांदा दिसतात ते तांब्यात: २, ८, १८, १. म्हणजे तिसरं कवच १८ चंच आहे, पण त्यातले शेवटचे दहा चौथ्या आवर्तात भरले जातात. न्यूलँड्सची अष्टकं कॅल्शियमनंतर मोडली ती याच दहा जणांमुळे.

तेव्हा आवर्त म्हणजे एक कवच भरण्याचा प्रवास, ही व्याख्या डोक्यातून काढून टाक. नव्या कवचाचं एस उघडलं की आवर्त सुरू होतं आणि त्याच कवचाचं पी भरलं की संपतं. मधे आतल्या कवचांची जी उपकवचं भरायची राहिली असतील ती भरून घेतली जातात. एवढं धरलं की सारणीचा वाकडातिकडा आकार उलगडतो. डावीकडे दोन स्तंभ कारण एस मध्ये २, उजवीकडे सहा स्तंभ कारण पी मध्ये ६, मधला पट्टा दहाचा कारण डी मध्ये १०, आणि खाली वेगळ्या छापलेल्या दोन ओळी चौदाच्या हिशेबाने कारण एफ मध्ये १४. आवर्तांची लांबी मग अशी येते: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज करून बघ. ११८. सातवं आवर्त नेमकं भरलंय.

खालच्या त्या दोन ओळी म्हणजे कुणी वेगळी जात नाही. त्या सहाव्या आणि सातव्या आवर्ताच्या पोटातल्या आहेत. तिथे घातल्या तर तक्ता फार रुंद होतो आणि पानावर मावत नाही, म्हणून खाली काढून ठेवतात. ५७ ते ७१ आणि ८९ ते १०३ अशी पंधरा-पंधरा घरं छापलेली दिसतील, चौदा नाहीत; गण ३ मध्ये नेमकं कोणाला बसवायचं यावर रसायनशास्त्रज्ञांचाच वाद आहे, तू त्यात पडू नकोस.

एक सावधगिरी. भरताना चौथ्याचं एस आधी भरलं, म्हणून इलेक्ट्रॉन देताना ते शेवटी रिकामं होईल असं मुलांना वाटतं. होतं उलटं. डी मध्ये इलेक्ट्रॉन आले की ऊर्जेचा हिशेब बदलतो आणि बाहेरच्या एस मधले आधी जातात. लोखंड दोन इलेक्ट्रॉन देतं तेव्हा उरतं २, ८, १४, आणि तीन देतं तेव्हा २, ८, १३. लोखंडाला दोन संयुजा का, याचंही उत्तर इथेच आहे: डी मधला आणखी एक इलेक्ट्रॉन देणं त्याला फार महाग पडत नाही.

तिसरा प्रश्न, अणूचा आकार. इलेक्ट्रॉन वाढले म्हणजे अणू मोठा झाला पाहिजे, या समजुतीतच चूक आहे. अणूचा आकार म्हणजे सर्वांत बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून किती लांब आहे ते, आणि हे अंतर ओढीवर ठरतं.

लिथियममध्ये केंद्रकाचा प्रभार ३, पण बाहेरच्या इलेक्ट्रॉनला तो पूर्ण जाणवत नाही, कारण मधे पहिल्या कवचातले दोन इलेक्ट्रॉन आडोसा धरून असतात. ढोबळ हिशेबाने त्याला १ प्रभाराची ओढ बसते. फ्लुओरीनमध्ये केंद्रकाचा प्रभार ९ आणि आडोसा तोच, दोन इलेक्ट्रॉनांचा. बाहेरचे सातही जण एकाच कवचात असल्यामुळे एकमेकांना आडोसा देतात तो अगदी तोकडा. शुद्ध वजाबाकी केली तर ओढ ७ येते, प्रत्यक्षात थोडी कमी. म्हणून त्रिज्या आकसत जाते. पिकोमीटरमध्ये: लिथियम १५२, बेरिलियम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लुओरीन ६४. पुढे सोडियमपाशी नवं कवच उघडतं, आडोशाला दहा इलेक्ट्रॉन येतात, आणि त्रिज्या एकदम १८६ वर उडी मारते. गणात खाली जाताना हेच पुन्हापुन्हा घडतं, म्हणून पोटॅशियम २२७.

राजवायूंच्या त्रिज्या या रांगेत लावू नकोस. एरवीच्या त्रिज्या बंधात असलेल्या अणूंवरून काढतात. निऑन बंधच करत नाही, म्हणून त्याची त्रिज्या वेगळ्या पद्धतीने मोजतात आणि ती मोठी दिसते. वस्तुनिष्ठ प्रश्नांत हा सापळा नेहमी लावलेला असतो.

आयनांचंही याच तर्काने जुळतं. सोडियमचा अणू १८६, पण इलेक्ट्रॉन गेल्यावर त्याचा आयन १०२, कारण बाहेरचं कवचच गेलं. क्लोरीन ९९ वरून १८१ वर जातं, कारण केंद्रक तेवढंच आणि सांभाळायचे इलेक्ट्रॉन एक जास्त, त्यांचं आपसातलं प्रतिकर्षण वाढलं.

आता गण १ मध्ये खाली जाताना क्रियाशीलता वाढते आणि गण १७ मध्ये घटते, हे तू पाठ केलं असशील. दोन्हींचं कारण एकच आहे. खाली जाताना बाहेरच्या कवचावरची केंद्रकाची पकड सैल होते. ज्याचं काम इलेक्ट्रॉन द्यायचं, त्याला सैल पकड सोयीची: आयनन ऊर्जा (पहिला इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे लागणारे किलोजूल) लिथियम ५२०, सोडियम ४९६, पोटॅशियम ४१९, रुबिडियम ४०३, सिझियम ३७६. ज्याचं काम इलेक्ट्रॉन घ्यायचं, त्याला ती गैरसोयीची. पोटॅशियम ब्रोमाइडच्या द्रावणात क्लोरीन सोडलं तर ते ब्रोमीनला हुसकावून लावतं; उलट ब्रोमीन क्लोराइडमधल्या क्लोरीनला हलवू शकत नाही.

इथे एका वाक्यावर मला जरा बोलायचंय. 'सोडियमला अष्टक पूर्ण करायचं असतं म्हणून तो इलेक्ट्रॉन देतो.' जवळजवळ प्रत्येक वहीत हे असतं (इथे अष्टक म्हणजे बाहेरच्या कवचातले आठ इलेक्ट्रॉन). सोडियमला काहीही करायचं नसतं. इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोजूल खर्च येतो, तो आनंदाने देत वगैरे नाही. हिशेब मांडून बघ, सगळं मोलमागे. घन सोडियमची वाफ करायला १०७, त्या वाफेतल्या अणूचा इलेक्ट्रॉन काढायला ४९६, क्लोरीनचा रेणू फोडून एक अणू मोकळा करायला १२१. खर्च ७२४. क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतल्यावर परत मिळतात ३४९. इथवर सौदा तोट्यातच आहे. मग धन आणि ऋण आयन एकमेकांजवळ येऊन स्फटिक बांधतात आणि तेव्हा ७८७ बाहेर पडतात. जमा ११३६, खर्च ७२४, नफा सुमारे ४१२. सोडियम क्लोराइड बनतं ते या स्फटिकाच्या जोरावर.

मग सोडियम दोन इलेक्ट्रॉन का देत नाही? दुसऱ्याचा खर्च ४५६२ आहे आणि तो भरून काढेल एवढी ऊर्जा कोणताच स्फटिक देत नाही. मॅग्नेशियमचे आकडे ७३८, १४५१ आणि मग ७७३३. म्हणून तो दोनावर थांबतो. अष्टकाचा नियम खरा आहे तो या अर्थाने: भरलेलं कवच फोडायचा खर्च परवडत नाही. खर्च परवडला तर नियम मोडतोही. झेनॉनचं अष्टक पूर्ण असूनही १९६२ मध्ये नील बार्टलेटने त्याचं संयुग बनवलं, आणि 'निष्क्रिय वायू' हे नाव तेव्हापासून अडचणीत आलं.

हायड्रोजनचं स्थान कुठे, हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. बाहेर एक इलेक्ट्रॉन म्हणून गण १. एक इलेक्ट्रॉन कमी म्हणून आणि द्विआण्विक अधातू वायू म्हणून गण १७ शी साम्य. दोन्ही बाजू लिही. पण स्वतःसाठी एक आकडा लक्षात ठेव: हायड्रोजनची आयनन ऊर्जा १३१२ आहे, ऑक्सिजनची १३१४. सोडियमच्या ४९६ शी तिचं काहीही नातं नाही, कारण हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनसमोर आडोसाच नाही. तो गण १ मध्ये छापलेला असतो तो इलेक्ट्रॉनांच्या संख्येमुळे, स्वभावामुळे नव्हे. हेलियमचं बरोबर उलट: बाहेर दोनच इलेक्ट्रॉन, पण वागणं राजवायूचं, म्हणून त्याला गण १८ मध्ये नेऊन बसवलंय.

सरावाला तीन अणुअंक देते: ३८, ५१ आणि ८५. आवर्त, गण, हायड्रोजन किंवा क्लोरीनशी संयुजा, आणि धातू की अधातू, एवढं पुस्तक न उघडता लिही. मग हे ताडून बघ. ३८ हे ३६ च्या पुढे दोन घरं: पाचवं आवर्त, गण २, क्लोरीनचे दोन अणू घेणारा धातू, स्ट्रॉन्शियम. ५१ हे ५४ च्या मागे तीन: पाचवं आवर्त, गण १५, हायड्रोजनचे तीन अणू घेणारं अँटिमनी, धातू-अधातूंच्या सीमेवरचं, म्हणजे धातुसदृश. ८५ हे ८६ च्या मागे एक: सहावं आवर्त, गण १७, ॲस्टेटीन. ते आयोडीनपेक्षा कमी क्रियाशील आणि सामान्य तापमानाला घन असावं असं तू लिहिलंस तर तर्क अगदी बरोबर. मात्र त्याचा सर्वांत जास्त टिकणारा समस्थानिकसुद्धा साधारण आठ तासांत निम्मा संपतो, त्यामुळे डोळ्यांना दिसेल एवढा त्याचा खडा आजवर कुणीच जमवलेला नाही. त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यातलं बरंचसं, तू आत्ता काढलंस तसंच, सारणीतल्या जागेवरून काढलेलं आहे.